नाथ पै विधेयक : एका बॅरिस्टर खासदाराने निकालाला दिलेलं उत्तर

७ एप्रिल १९६७, शुक्रवार. चौथी लोकसभा बसून जेमतेम तीन आठवडे झाले होते. राजापूरचे खासदार बॅ. नाथ पै यांनी त्या दिवशी एक अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं, विधेयक मांडलं. घटनादुरुस्तीविषयीचं ३६८ वं कलम दुरुस्त करावं आणि घटनेतली कोणतीही तरतूद, मूलभूत हक्कांसकट, बदलण्याचा संसदेचा अधिकार तिथे स्पष्ट शब्दांत लिहावा, एवढीच त्यातली मागणी होती. बरोबर ३९ दिवसांपूर्वी, २७ फेब्रुवारीला, सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात असा अधिकार संसदेला नाही, असा निकाल दिला होता.

हे विधेयक कधीच मंजूर झालं नाही. तरी गोलकनाथ ते १९७३ चा केशवानंद भारती खटला हा प्रवास सांगताना त्याचं नाव टाळता येत नाही. वकील माणूस कायदे करणाऱ्या सभागृहात जातो तेव्हा नेमकं काय बदलतं, हे मला या एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे दिसत नाही. माझं मत आधीच सांगतो. नाथ पैंनी प्रश्न योग्य ओळखला आणि योग्य जागी नेला. त्यांच्या उत्तरात मात्र एक जागा उघडी राहिली, आणि पुढे ती जागा त्यांच्याच माणसांवर उलटली.

वेंगुर्ला, लंडन, राजापूर

नाथ पैंचा जन्म २५ सप्टेंबर १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. शिक्षण बेळगाव आणि पुण्यात. १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवास झाला. नंतर लंडनला जाऊन लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. युरोपातल्या समाजवादी तरुणांमध्ये त्यांचा वावर इतका होता की आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक संघटनेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. गोवामुक्तीच्या लढ्यातही ते होते. १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राचं वातावरण तापलेलं असताना, प्रजा समाजवादी पक्षातर्फे ते राजापूरमधून लोकसभेवर गेले. वय ३४. नंतर १९६२ आणि १९६७ लाही तेच निवडून आले. ‘बॅरिस्टर’ ही उपाधी कोकणात त्यांच्या नावाला कायमची चिकटली, पण ती विद्या कोर्टापेक्षा सभागृहातच जास्त कामी आली.

त्यांच्या वक्तृत्वावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे, त्यात मी भर घालत नाही. या प्रकरणापुरता त्यांचा मतदारसंघ जास्त महत्त्वाचा आहे. राजापूर म्हणजे जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचा दक्षिण भाग; आजचा सिंधुदुर्ग त्यातच आला. हा खोतीचा मुलूख. जमीन कसणारा कूळ आणि सरकार यांच्या मध्ये खोत उभा. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १९४८ चा मुंबई कूळकायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांमुळे १ एप्रिल १९५७ ला, कृषकदिनी, कसेल त्याची जमीन हे तत्त्व कागदावर उतरलं. म्हणजे नाथ पै पहिल्यांदा खासदार झाले त्याच वसंतात.

कागदावर उतरणं आणि हातात पडणं यांतलं अंतर कोकणातल्या कोणालाही सांगावं लागत नाही. कुळाचं नाव सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात. मग कूळकायद्याच्या ‘बत्तीस ग’ कलमाची चौकशी, त्यात किंमत ठरायची. ती भरली की ‘बत्तीस म’चं प्रमाणपत्र, आणि त्यानंतर कुठे नाव कब्जेदार म्हणून वर चढायचं. एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जायला कित्येक घरांच्या पिढ्या गेल्या. या साखळीच्या कुठल्याही टप्प्यावर जमीनमालक कोर्टात जाऊन ‘माझ्या मालमत्तेच्या मूलभूत हक्काचा भंग झाला’ असं म्हणू शकला असता. तो दरवाजा बंद केला १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने. तिने घटनेला नववं परिशिष्ट जोडलं, आणि त्यात नाव असलेला कायदा मूलभूत हक्कांच्या भंगासाठी रद्द करता येणार नाही असं ठरवलं. सुरुवातीला त्यात १३ कायदे होते. पहिला बिहारचा जमीनसुधारणा कायदा, आणि दुसरा आपला मुंबई कूळकायदा.

घटनादुरुस्तीचा अधिकार हा राजापूरच्या खासदाराला निव्वळ पुस्तकी वाद का वाटू शकत नव्हता, याचं उत्तर त्या यादीत आहे.

सहा विरुद्ध पाच

गोलकनाथ हे जालंधरचं कुटुंब. त्यांच्याकडे पाचशे एकरांहून अधिक शेती होती. पंजाबच्या १९५३ च्या कायद्यानुसार प्रत्येकाला ३० एकर ठेवता येत होती, बाकीची जाणार होती. तो कायदा १९६४ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने नवव्या परिशिष्टात गेला होता. या दुरुस्तीने ४४ कायदे एका फटक्यात यादीत घातले आणि आकडा ६४ वर नेला. महाराष्ट्राचा १९६१ चा शेतजमीन कमाल धारणा कायदा, म्हणजे ज्याला सगळे ‘सीलिंग’ म्हणतात तो, याच लॉटमधला. गोलकनाथांनी थेट घटनादुरुस्त्यांनाच आव्हान दिलं.

त्याआधी दोनदा न्यायालयाने संसदेच्या बाजूने कौल दिला होता. १९५१ मध्ये शंकरीप्रसाद खटल्यात पाचही न्यायाधीशांचं एकमत होतं. सज्जनसिंग खटल्यात मात्र सूर बदलला. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी बहुमताचा निकाल लिहून जुनीच भूमिका कायम ठेवली, पण न्यायमूर्ती हिदायतुल्ला आणि न्यायमूर्ती मुधोळकर यांनी वेगळी मतं लिहून शंका नोंदवल्या. घटनेची काही वैशिष्ट्यं इतकी मूलभूत आहेत की ती बदलणं ही दुरुस्ती म्हणायची की पुनर्लेखन, असा प्रश्न मुधोळकरांनी विचारला. मूलभूत चौकटीच्या सिद्धान्ताचं, म्हणजे घटनेचा गाभा दुरुस्तीनेही मोडता येत नाही या विचाराचं, बी भारतीय निकालांत तिथे पडलं. प्रश्नाच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी मराठी न्यायाधीश होते, याची आठवण आपल्याकडे फारशी कोणी काढत नाही.

गोलकनाथमध्ये ११ न्यायाधीश बसले आणि निकाल ६ विरुद्ध ५ असा लागला. सरन्यायाधीश सुब्बा राव यांचा युक्तिवाद असा : कलम १३(२) म्हणतं की मूलभूत हक्क हिरावणारा किंवा कमी करणारा कायदा राज्यसंस्था करू शकत नाही. घटनादुरुस्ती हाही कायदाच. कलम ३६८ फक्त पद्धत सांगतं, अधिकार देत नाही. त्याच्या समासातलं शीर्षकही दुरुस्तीच्या कार्यपद्धतीचंच होतं. तेव्हा यापुढे संसदेला मूलभूत हक्कांना कात्री लावता येणार नाही.

‘यापुढे’ हा यातला सगळ्यात कळीचा भाग. झालेल्या दुरुस्त्या रद्द केल्या असत्या तर देशभरातल्या जमीनसुधारणा कोसळल्या असत्या. म्हणून निकाल मागे लावायचा नाही, पुढेच लावायचा, असं ठरलं. राजापूरच्या कुळाच्या हातातलं ‘बत्तीस म’ वाचलं. पण उद्या नवा कायदा करून त्याला नवव्या परिशिष्टाचं कवच द्यायचं म्हटलं तर ती वाट बंद झाली.

दोन उत्तरं

हरलेल्या पक्षाचा वकील काय करतो? फेरविचाराचा अर्ज. किंवा थांबतो, पुढच्या खटल्याची वाट पाहतो, मोठं खंडपीठ मागतो. ६ विरुद्ध ५ म्हणजे एकच न्यायाधीश इकडचा तिकडे झाला असता तर चित्र पालटलं असतं, तेव्हा थांबणं हा काही वेडा पर्याय नव्हता. पण नाथ पै त्या खटल्यात कोणाचेच वकील नव्हते. ते विरोधी बाकावरचे खासदार होते. न्यायालय कलमाच्या शब्दांवर बोट ठेवून ‘यात अधिकार कुठे आहे’ असं विचारत असेल, तर कलमाचे शब्द बदलायला सांगण्याचा हक्क त्यांना होता. त्यांनी निकाल वकिलासारखा वाचला, त्याचा कणा कुठे आहे ते हेरलं आणि मसुदा नेमका त्या जागी लावला. न्यायाधीशांवर आगपाखड नाही, न्यायालयाचं अधिकारक्षेत्र कापण्याची भाषा नाही. माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच.

मसुद्यामागचा विचार लोकांच्या सार्वभौमत्वाचा होता. घटना लोकांनी स्वतःला दिली आहे, आणि त्यांचे प्रतिनिधी ठरलेल्या पद्धतीने ती बदलू शकले पाहिजेत. अधिकार असणं म्हणजे तो सैलपणे वापरणं नव्हे, हेही त्यात गृहीत होतं. एका पिढीने पुढच्या सगळ्या पिढ्यांचे हात बांधू नयेत, या विचारात समाजवादी नाथ पै आणि बॅरिस्टर नाथ पै एक झाले होते.

मसुद्यात एक कायदेशीर पेच मात्र होता. गोलकनाथ निकाल कायम असताना कलम ३६८ मध्ये घातलेली ही दुरुस्ती हाही एक ‘कायदा’च ठरणार. मग तीच कलम १३(२) मध्ये अडकणार नाही का? न्यायालय जो अधिकार नाही म्हणतं, तो संसद स्वतःच स्वतःला कसा देणार? याचं समाधानकारक उत्तर मसुद्यात असू शकत नव्हतं. कधी ना कधी न्यायालयाला गोलकनाथ स्वतःच मागे घ्यावा लागणार होता, आणि विधेयकाचं खरं काम न्यायालयाला तो प्रश्न पुन्हा घ्यायला लावणं हे होतं.

शुक्रवारचे अडीच तास

विधेयक का रखडलं, याचं कारण सहसा राजकारणात शोधलं जातं. तेही खरं आहे, पण आधी साधी सभागृहाची रीत पाहू. लोकसभेत अशासकीय कामकाजाला शुक्रवारचे शेवटचे अडीच तास मिळतात. त्यातही एका शुक्रवारी विधेयकं, दुसऱ्या शुक्रवारी ठराव. शुक्रवारी दुपारी खासदार मतदारसंघाकडे निघालेले असतात, बाकं ओस पडतात. साध्या विधेयकाला हे चालून जातं, कारण उपस्थितांच्या बहुमतावर भागतं. घटनादुरुस्तीला मात्र मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश मतांबरोबरच सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. म्हणजे २६० च्या वर खासदार शुक्रवारी संध्याकाळी दिल्लीत थांबून, एका विरोधी खासदाराच्या विधेयकासाठी हात वर करणार. तेही एकदाच नाही, विचारार्थ घेताना, कलमवार आणि अखेरच्या मंजुरीला, प्रत्येक वेळी. मग राज्यसभेत पुन्हा तेच.

स्वातंत्र्यानंतर आजवर संसदेत फक्त १४ अशासकीय विधेयकांचे कायदे झाले आहेत. त्यांतला शेवटचा १९७० चा, आनंद नारायण मुल्ला यांचा, फौजदारी अपिलांबाबत सर्वोच्च न्यायालयाचे अधिकार वाढवणारा. म्हणजे याच चौथ्या लोकसभेतला. वाट अगदीच बंद नव्हती. पण त्या १४ मध्ये घटनादुरुस्ती एकही नाही.

१९६७ च्या निवडणुकीत काँग्रेस २८३ जागांवर आली होती. दोन तृतीयांश बहुमत तिच्या एकटीच्या हातात उरलं नव्हतं. तेव्हा सरकारला हे विधेयक सोयीचंही होतं आणि अवघडही. ते सरकारने स्वतःचं विधेयक म्हणून कधीच आणलं नाही. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं. तिचे अध्यक्ष होते लोकसभेचे उपाध्यक्ष र. के. खाडिलकर, म्हणजे आणखी एक महाराष्ट्रीय. १९६८ मध्ये समितीचा अहवाल आला, पुन्हा चर्चा झाल्या, पुन्हा शुक्रवार लांबत गेले. १९६९ मध्ये काँग्रेसच फुटली आणि दोन तृतीयांशाचं गणित आणखी लांब गेलं.

घरातलाच विरोध

स्वतंत्र पक्षाचा विरोध अपेक्षितच होता. मालमत्तेच्या हक्कावर तर त्या पक्षाची उभारणी. जिव्हारी लागणारा विरोध समाजवाद्यांकडून आला. पुण्याचे मधू लिमये, बिहारमधल्या मुंगेरहून निवडून आलेले, संयुक्त समाजवादी पक्षाचे. जमीनसुधारणेच्या प्रश्नावर लिमये आणि नाथ पै यांच्यात तसूभर फरक नव्हता. पण मूलभूत हक्कांची चावी संसदेतल्या बहुमताच्या हातात द्यायला लिमये तयार नव्हते. तुरुंग दोघांनीही पाहिलेला. एकाने त्यातून लोकप्रतिनिधींवर विश्वास ठेवायचं ठरवलं, दुसऱ्याने सत्तेवर अविश्वास.

मधली वाट खुद्द गोलकनाथच्या निकालपत्रात होती. बहुमतातल्या हिदायतुल्लांनी आपल्या वेगळ्या निकालात लिहिलं की मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत घालणं हीच चूक होती. भांडण खरं तर एका हक्काचं होतं. तेवढा बाजूला काढला असता तर भाषणस्वातंत्र्य, व्यक्तिस्वातंत्र्य यांना हात लावण्याचा अधिकार मागायची गरजच पडली नसती. मूलभूत हक्क बदलायचे तर निदान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घ्यावी, असाही विचार त्या काळात पुढे येत होता. संघराज्याच्या काही तरतुदींना कलम ३६८ मध्ये ती अट आधीपासून आहेच.

नाथ पैंच्या मूळ मसुद्यात उघडी राहिलेली जागा मला इथे दिसते. कुळाच्या जमिनीसाठी त्यांनी मागितलेला अधिकार सगळ्या हक्कांवर पसरला होता. सभागृहात बसणारी माणसं आपल्यासारखीच जबाबदार असतील, हा त्यांचा भरवसा होता. युरोपात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचा हा भरवसा मला अजूनही कोड्यात टाकतो. काही तत्त्वं कोणत्याही बहुमताला बदलता येणार नाहीत, असं पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या घटनेने लिहून ठेवलं होतं. जर्मन अभ्यासक डिटर कॉनराड यांनी हाच मुद्दा १९६५ मध्ये बनारसला व्याख्यानात मांडला, आणि ज्येष्ठ वकील एम. के. नंबियार यांनी तो गोलकनाथमध्ये न्यायालयापुढे नेला. तरी नाथ पैंच्या हेतूबद्दल मला शंका नाही. सत्ताधाऱ्याने मागितलेला अधिकार आणि विरोधी बाकावरून, स्वतःला त्याचा काडीचा उपयोग नसताना मागितलेला अधिकार, हे दोन एका मापाने मोजणं अन्याय आहे. ‘नाथ पै विधेयक म्हणजे आणीबाणीची पायाभरणी’ असं वाक्य कुठे वाचलं की मला राग येतो.

विधेयक गेलं, माणूस गेला, तरतूद आली

२७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली. सभागृह गेलं की त्याच्यापुढची प्रलंबित विधेयकंही जातात. नाथ पै विधेयक तसंच गेलं. १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात हुतात्मा दिनाची सभा होती. सीमाप्रश्न हा त्यांच्या काळजातला विषय, ते तिथे बोलले. १८ जानेवारीच्या पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने बेळगावातच त्यांचं निधन झालं. वय ४८. विधेयक आणि त्याचा कर्ता यांच्यात २२ दिवसांचं अंतर.

मार्चच्या निवडणुकीत इंदिरा गांधींना प्रचंड बहुमत मिळालं. राजापूरहून मधू दंडवते निवडून आले. जुलै १९७१ च्या अखेरीस कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी चोविसाव्या घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं. ऑगस्टमध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं आणि ५ नोव्हेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. चार वर्षं शुक्रवारच्या रांगेत उभं असलेलं काम सरकारने मनावर घेतल्यावर दोन आठवड्यांत उरकलं.

नाथ पैंनी बोट ठेवलेली जागाच गोखल्यांनी दुरुस्त केली. कलम ३६८ च्या शीर्षकात आता पद्धतीच्या आधी ‘अधिकार’ आला. घटनादुरुस्तीला कलम १३ लागू नाही, असं दोन ठिकाणी लिहिलं गेलं. राष्ट्रपतींनी संमती दिलीच पाहिजे, असंही आलं. निम्म्या राज्यांच्या संमतीची अट मूलभूत हक्कांसाठी आली नाही. मालमत्ता वेगळी काढून बाकीचे हक्क सुरक्षित ठेवायचा विचारही नाही.

२४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांनी गोलकनाथ मागे घेतला आणि चोविसावी दुरुस्ती वैध ठरवली. नाथ पैंचा मूळ मुद्दा जिंकला : संसद मूलभूत हक्कांसह कोणतीही तरतूद बदलू शकते. पण ७ विरुद्ध ६ अशा बहुमताने न्यायालयाने अट घातली, घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. कायदे करणाऱ्यांनी जी मर्यादा लिहायला हवी होती, ती न्यायाधीशांनी लिहिली.

ती किती गरजेची होती, हे दोनच वर्षांत कळलं. आणीबाणीत नाथ पैंच्या जागी निवडून आलेले दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते. लिमयेही तुरुंगात, लोकसभेने स्वतःची मुदत वाढवून घेतल्याच्या निषेधार्थ त्यांनी तिथूनच खासदारकीचा राजीनामा दिला. त्याच वाढीव मुदतीच्या लोकसभेने १९७६ मध्ये बेचाळिसावी दुरुस्ती केली आणि घटनादुरुस्तीच्या अधिकाराला कसलीही मर्यादा नाही, ती कोणत्याही न्यायालयात तपासता येणार नाही, असं कलम ३६८ मध्ये घातलं. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालात ही कलमं रद्द झाली. बहुमताचा निकाल लिहिला सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांनी. हेच चंद्रचूड १९७३ मध्ये त्या सहा जणांत होते, ज्यांना मूलभूत चौकटीची मर्यादा मान्य नव्हती. बेचाळिसावी दुरुस्ती पाहिल्यावर नाथ पैही तिथेच पोचले असते, असं मला वाटतं; त्यांचा स्वभाव पाहता दंडवते आणि लिमये यांच्याबरोबर तुरुंगात तर ते नक्कीच असते.

मालमत्तेचा हक्क अखेर जनता सरकारच्या काळात, १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला, बाकीच्या हक्कांना धक्का न लावता. हिदायतुल्लांनी दाखवलेली वाट अकरा वर्षांनी चालली गेली.

आणि नवव्या परिशिष्टाचं काय झालं? तो प्रश्न महाराष्ट्राच्याच सीलिंग कायद्यावरून वामनराव खटल्यात आला. १९८१ मध्ये न्यायालयाने २४ एप्रिल १९७३ ही तारीख रेघ म्हणून धरली. त्या तारखेआधी यादीत गेलेले कायदे सुरक्षित, नंतरचे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. मुंबई कूळकायदा १९५१ पासून त्या यादीत आहे, क्रमांक २ वर.